आत सांगाडाच नसलेलं रॉकेट उभं कसं राहतं? (एमएक्स-७७४, १९४८)

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी,

डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला मी स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स शिकवतो. थिन सिलिंडर (आत दाब असलेली पातळ भिंतीची नळकांडी टाकी) आलं की दरवर्षी तोच बॉयलर आणि तोच गॅस सिलिंडर. पोरं सूत्र पाठ करतात, मार्क घेतात, विसरतात. यंदा जरा वेगळं उदाहरण द्यावं म्हणून शोधाशोध केली, तर एमएक्स-७७४ हाती लागलं. हजारो किलोमीटर जाणारं क्षेपणास्त्र बनवता येतं का, हे तपासायला अमेरिकेत कॉन्व्हेअर कंपनीनं १९४६ ते ४८ मध्ये केलेलं प्रायोगिक रॉकेट. उंची साडेनऊ मीटरच्या आसपास, व्यास ७६ सेंटीमीटर. आडवं केलं तर आमच्या वर्कशॉपच्या दारातून सहज आत येईल एवढंच.

त्याबद्दल वाचलं की इंधनाच्या टाकीची भिंत हीच रॉकेटची बाहेरची कातडी होती आणि आतून नायट्रोजनचा दाब देऊन ती ताठ ठेवत. इथे माझं घोडं अडलं. वर्गात आपण आतला दाब म्हणजे टाकीचा शत्रू असंच शिकवतो. इथे तोच टाकीला सावरतोय. सूत्रानं मला ते मांडता येईल, पण मागच्या बाकावरच्या पोराला पटेल असं कोणी सांगेल का?

दुसरं असं की तीन रॉकेटं उडवली आणि तिन्ही वेळा इंजिन मधेच बंद पडलं. सरकारनं तर प्रकल्प त्याआधीच गुंडाळला होता. तरी जो तो त्याला ॲटलास या अमेरिकेच्या पहिल्या आंतरखंडीय क्षेपणास्त्राचा पूर्वज म्हणतो. हे मागाहून चढवलेलं कौतुक आहे, की खरंच त्यात काही होतं?

प्रत्यक्ष पत्र्याचं काम केलेलं कोणी असेल तर फार बरं होईल.

गोफणगुंडा

पूर्वज वगैरे ठीक आहे सर, पण निकाल बघा की. १३ जुलै १९४८ ला पहिलं उडालं, बारा-तेरा सेकंदांत इंजिन बंद. जेमतेम दोन किलोमीटर वर गेलं आणि खाली आलं. २७ सप्टेंबरचं ६४ किलोमीटरपर्यंत गेलं, २ डिसेंबरचं ४८. आमच्या कंपनीत असा निकाल लागला तर दुसऱ्या दिवशी घरी बसवतात. मला तर हा सगळा 'पडलो तरी नाक वर' प्रकार वाटतो.

पत्र्याचं म्हणाल तर पत्राकाम काका इथेच कुठेतरी असतील. काका, हजेरी लावा.

पत्राकाम

लावली. गोफणगुंडा, तुझा समाचार शेवटी घेतो.

सर, माझं आयुष्य स्टेनलेसच्या टाक्यांत गेलं. भोसरीला शेड आहे. दुधाच्या टाक्या, औषध कंपन्यांच्या टाक्या. ३०४ जातीचा स्टेनलेस पत्रा आणायचा, रोल करायचा, दोन्हीकडे डिश एंड (बशीसारखी झाकणं), आर्गॉन वेल्डिंग, बफिंग, पाण्याच्या दाबाची हायड्रो टेस्ट, की गाडीत चढवायची. आता मुलगा बघतो आणि मी इथे येऊन लोकांशी वाद घालतो. रॉकेटचं मला वाचून जेवढं कळलं तेवढंच, पण पातळ पत्रा कसा वागतो हे कोणी मला शिकवायला नको.

पोरांना पहिलं हे सांगा की पत्रा ताणाला दणकट असतो. चेपायला गेलं की त्याचा जीव जातो.

एका डेअरीत वीस हजार लिटरची उभी टाकी होती. आमची नव्हे, दुसऱ्या कोणाची. शेल, म्हणजे अंगाचा पत्रा, ३ मिलीचा. रात्रपाळीला तिला गरम पाण्यानं धुतलं आणि लगेच आत गार पाण्याचा फवारा सोडला. वरच्या व्हेंटला पावसाचं पाणी जाऊ नये म्हणून कोणा शहाण्यानं प्लास्टिकची पिशवी बांधून ठेवलेली. आतली वाफ गार होऊन आकसली, बाहेरची हवा आत यायला वाट नाही. मला दुरुस्ती होते का बघायला बोलावलं तेव्हा एका अंगाला माणूस मावेल एवढा खड्डा, आणि त्या खड्ड्याच्या दोन्ही टोकांना पत्र्याची अशी धारदार घडी पडलेली की बोट फिरवायची भीती वाटावी. वेल्ड मात्र एकही उकललेलं नव्हतं. आत काही पुरतं निर्वात झालं नसणार. बाहेरची हवा आतल्यापेक्षा थोडीशी वरचढ झाली, एवढ्यावर भागलं. आता हीच टाकी आतून तितक्याच दाबानं फुगवली असती तर तिला ढिम्म काही झालं नसतं. मॅनेजर विचारत होता, ठोकून सरळ होईल का. मी म्हटलं, भंगारवाल्याला फोन करा.

तर आता रॉकेट घ्या. उभ्या रॉकेटात खालच्या पत्र्यावर वरचं सगळं वजन येतं. उडताना तर आणखी, कारण इंजिन खालून रेटतंय आणि वरचं सामान जागचं हलायला तयार नाही. दोन्हीकडून चेपलं जाणार, पत्रा पातळ असेल तर माझ्या डेअरीवाल्यासारखी घडी पडणार. घडी पडू नये म्हणून आपण काय करतो? आतून रिंगा मारतो, उभे स्टिफनर लावतो, नाहीतर सरळ जाड गेजचा पत्रा घेतो. जर्मनांच्या दुसऱ्या महायुद्धातल्या व्ही-२ रॉकेटात हेच केलं होतं. बाहेर पोलादी कवच, त्याला आतून फासळ्या, आणि त्याच्या पोटात अल्कोहोलची आणि द्रव ऑक्सिजनची अशा दोन स्वतंत्र टाक्या. भिंतीच्या आत भिंत.

कॉन्व्हेअरचा कारेल बोसार्ट हा मूळ बेल्जियमचा, अँटवर्पचा. शिकला खाणकामाचं इंजिनिअरिंग, नंतर अमेरिकेत एमआयटीला गेला आणि विमानांच्या सांगाड्यांत रमला. त्यानं ही आतली भिंत काढून टाकली. टाकी हीच कातडी, आणि तिला ताठ ठेवायचं काम गॅसवर सोपवलं.

आता तुमच्या फळ्यावरचं गणित. ७६ सेंटीमीटर व्यासाच्या डिश एंडचं क्षेत्रफळ होतं साधारण ०.४५ चौरस मीटर. हिशेबाला सोपं म्हणून आत बाहेरच्यापेक्षा एकच बार (साधारण हवेच्या दाबाएवढा) जास्त दाब धरू. तो वरच्या डिशला साडेचार टनांच्या जोरानं वर ढकलतो, खालच्या डिशला तितक्याच जोरानं खाली. म्हणजे मधल्या शेलवर साडेचार टनांची ओढ. आणि हे अख्खं रॉकेट भरून किती वजनाचं? दोन टनांच्या आत. वरचं वजन पत्र्याला चेपायला निघालं तर आधी त्याला ही साडेचार टनांची ओढ संपवावी लागेल. ती संपत नाही, म्हणून घडीही पडत नाही. मागच्या बाकावरच्या पोराला एवढंच सांगा: वजन पत्र्यानं उचललेलंच नाही, गॅसनं उचललंय. पत्र्याचं काम फक्त गॅसला धरून ठेवायचं.

एमएक्स-७७४ ची टाकी ॲल्युमिनियमची होती आणि तिथे ही कल्पना नुकती रांगायला लागली होती. पुढे ॲटलासमध्ये ती पार टोकाला नेली. ३ मीटर व्यास, आणि पत्रा कुठे पाव मिली तर कुठे एक मिली! आतून एकही स्टिफनर नाही. पाव मिलीच्या पत्र्याची मी साधी झाकणंसुद्धा केली नसती.

राहता राहिलं ते 'तीन नव्या गोष्टी' प्रकरण. सगळीकडे यादी देतात: पातळ टाकी, हलणारी इंजिनं, सुटणारं नाक. जणू तीन वेगळे शोध लागले. मला तरी त्यात एकच हट्ट दिसतो, वजन काढायचं. व्ही-२ चा वेग इंजिन बंद होताना सेकंदाला १.६ किलोमीटर आणि पल्ला ३२० किलोमीटर. आठ हजार किलोमीटर जायचं तर तोच वेग सातच्या आसपास पाहिजे. इंधन वाढवून हे होत नाही, कारण वाढवलेलं इंधनही आधी उचलावं लागतं. बिनकामाचं वजन कापत जायचं हाच मार्ग.

आता नाकाचं बघा. व्ही-२ अख्खंच्या अख्खं परत वातावरणात शिरायचं. येताना हवेचा मार बसून कित्येक वरच्या वरच तुटायची. म्हणून अंग जाड ठेवावं लागे, म्हणजे पुन्हा वजन. बोसार्ट म्हणाला, परत यायचंय फक्त नाकाला, तर नाक सोडून द्या, बाकीच्याचं काय व्हायचं ते होवो. एकदा हे ठरलं की अंगाला फक्त वर जाईपर्यंतची एक-दोन मिनिटं टिकायचं असतं. म्हणजे पातळ टाकी वापरायची मुभाच मुळी सुटणाऱ्या नाकामुळे मिळते. याद्या करणारे हे सांगत नाहीत.

इंजिनाचंही तेच. व्ही-२ वळवायला आगीच्या झोतात ग्रॅफाइटची पाती घातलेली असायची. झोतात काही आडवं घातलं की तेवढा जोर वाया. बोसार्टनं पाती काढली आणि रिॲक्शन मोटर्स कंपनीच्या इंजिनाचे चारही ज्वलनकक्ष बिजागरीवर बसवले. चौघांचा मिळून जोर आठ हजार पौंड, म्हणजे ३,६०० किलोच्या जवळपास. वळायचं तर नळकांडंच हलवायचं.

आणि आता तू, गोफणगुंडा. रॉकेटं कशानं बंद पडली ते तू लिहिलं नाहीस. ऑक्सिजनची झडप वेळेआधी मिटली आणि इंजिन उपाशी मेलं. चढताना टाकी दुमडली का? नाही. हलत्या इंजिनांनी रॉकेट सरळ धरलं का? धरलं. ज्याची परीक्षा होती तो पास झाला आणि पेन आणायचं विसरला. टेस्टला गॅस्केट गळलं म्हणून मी टाकीचं ड्रॉइंग कधी फाडलेलं नाही. परीक्षा घ्यायलाच केलेलं ते रॉकेट, त्यावर बॉम्ब बसवून कोणी पाठवणार नव्हतं.

कोयनाकाठ

काका, साष्टांग नमस्कार. साडेचार टन विरुद्ध दोन टन हे उद्याच फळ्यावर जाणार.

एक शंका. उडताना दाब असतो हे समजलं. पण कारखान्यातून निघताना, ट्रकवर, पॅडवर रिकामं उभं असताना काय? पाव मिलीचा ॲटलास रिकामा कसा हाताळायचे? आणि पोरं हमखास विचारतील: बाहेरून काही लागलं तर?

पॅसिफिकवरून

रिकाम्याचं मी सांगतो. सॅन डिएगोत राहतो, ॲटलास ज्या गावात बनायचं तिथे. माझं काम सॉफ्टवेअरचं, पण इथे राहून या गोष्टी कानावर पडतातच.

ॲटलास कधीच 'रिकामं' ठेवत नसत. कारखान्यात, वाहतुकीत, पॅडवर, सतत आत गॅसचा दाब. दाब काढायचाच असेल तर आधी दोन्ही टोकांनी धरून यंत्रानं ताणून ठेवायचं. यात चूक झाली की काय होतं याचं चित्रीकरणच आहे. मे १९६३ मध्ये व्हँडेनबर्गच्या तळावर, उड्डाणाच्या रंगीत तालमीत, पॅडवरच्या एका ॲटलासचा दाब गेला. स्फोट वगैरे काही नाही. उभ्या उभ्या अंग सुरकुतलं आणि वरचा भाग, डोक्यावरच्या उपग्रहासकट, खाली बसला. काकांच्या डेअरीचीच गोष्ट, फक्त बिल मोठं.

बाहेरून लागण्याबद्दल एक किस्सा सांगतात. व्ही-२ बनवून पुढे अमेरिकेत आलेल्या फॉन ब्राउनच्या, हंट्सव्हिलच्या मंडळींचा या पत्र्यावर विश्वास नव्हता. त्यांची पद्धत जाडजूड बांधणीची. बोसार्टनं त्यांच्यातल्या एकाच्या हातात घण दिला आणि दाब भरलेल्या टाकीकडे बोट दाखवलं, मारा म्हणाला. घण उसळून परत आला, टाकीला काही नाही.

त्याहून मोठा पुरावा मात्र ११ जून १९५७ चा. ॲटलासचं पहिलं उड्डाण, केप कॅनाव्हरल. इंजिन बिघडलं आणि रॉकेट हवेत कोलांट्या खायला लागलं. स्वतःच्याच जाळातून गेलं. तरी तुटलं नाही! शेवटी खालून आज्ञा देऊन उडवावं लागलं. त्या दिवशी रॉकेट गेलं, पण टाकीवर शंका घेणाऱ्यांची तोंडं बंद झाली. त्याच वर्षी १७ डिसेंबरला तिसरं उड्डाण नीट झालं. आणि २० फेब्रुवारी १९६२ ला अंतराळवीर जॉन ग्लेन पृथ्वीभोवती फिरून आला तो याच जातीच्या टाकीवर बसून.

एमएक्स-७७४ ची इंजिनं इथे पॉइंट लोमाच्या टोकाकडे जमिनीला बांधून पेटवून बघायचे. आज तिकडे लोक जुनं दीपगृह बघायला आणि हिवाळ्यात देवमासे दिसतात का बघायला जातात. कियर्नी मेसाचा ॲटलासचा कारखाना तर पाडूनच टाकला. एक ॲटलास गावाबाहेर गिलेस्पी फील्डच्या संग्रहालयात ठेवलंय. भारतातून पाहुणे आले की त्यांना सी-वर्ल्डला जायचं असतं, माझी बायको म्हणते मी त्यांना पत्रे दाखवायला नेतो.

काकांसाठी खास: तुमच्या शेडमध्ये निळा-पिवळा डबा असेलच, डब्ल्यूडी-४०. तो सॅन डिएगोचाच, १९५३ चा. सुरुवातीची मोठी गिऱ्हाईक कॉन्व्हेअर होती. ॲटलासच्या उघड्या पत्र्याला गंज धरू नये म्हणून वरून मारायचे. चाळिसाव्या प्रयत्नाला मिश्रण जमलं म्हणून नावात ४०.

पत्राकाम

डब्ल्यूडी-४० चं माहीत नव्हतं, वा! इथे पोरं गंजलेला नट सोडवायला अर्धा डबा ओततात आणि वर मलाच महागाई सांगतात.

स्टेनलेसला कसला गंज, असं कोणी म्हणायच्या आत सांगतो. ॲटलासचा पत्रा ३०१ चा, थंड रोल करून कडक केलेला. खाऱ्या हवेत त्याला डाग धरतात, आणि पाव मिलीत डाग पडला तर उरलं काय? त्यांना ३०१ का लागला, हे सर तुमच्या सूत्रातच आहे. एक बार दाब, त्रिज्या दीड मीटर, जाडी अर्धा मिली घाला. परिघाच्या दिशेला ताण येतो तीनशे मेगापास्कल. आमचा रोजचा ३०४ दोनशे-सव्वादोनशेला हात टेकतो. कडक केलेला ३०१ त्याच्या चौपट सहज घेतो. पण फुकट काहीच मिळत नाही. असा पत्रा आर्गॉननं जोडला की जोडाच्या आजूबाजूला तापून नरम पडतो, रोलिंगनं मिळवलेला कडकपणा तिथल्या तिथे गेला. म्हणून त्यांनी जोडावर पट्टी ठेवली आणि तिच्यावर स्पॉट वेल्डच्या रांगाच्या रांगा मारल्या. फोटोत त्या रांगा दिसतात. मी भिंग घेऊन बघितल्यात. एकसारखं अंतर, कुठे जळकट काळं नाही. ज्यानं मारल्या त्याचा हात धरून नमस्कार करावा असं काम.

तोफखाना

चर्चा छान आहे, पण बोसार्टची आरती जरा आवरा. हलणारं इंजिन पहिलं त्याचं नव्हे. अमेरिकन रॉकेट-संशोधक गॉडर्डनं १९३७ मध्येच न्यू मेक्सिकोत इंजिनाचा मागचा भाग हलवून रॉकेट वळवलं होतं. आणि खऱ्या अर्थानं दोन्ही दिशांना हलणारं इंजिन अमेरिकन नौदलाच्या व्हायकिंग रॉकेटात आलं, मे १९४९. एमएक्स-७७४ मध्ये प्रत्येक कक्ष एकाच दिशेला हलायचा, चार मिळून काम भागवायचे.

सुटणारं नाक म्हणाल तर रशियनांनीही १९४९ मध्ये कापुस्तिन यारच्या चाचणी तळावर आर-१ए रॉकेटावर ते करून दाखवलं, आणि ते काही बोसार्टला विचारून नाही. दाबावर उभ्या राहणाऱ्या पातळ टाकीची कल्पना तर रॉकेटशास्त्राचा आद्य अभ्यासक हेर्मान ओबेर्टनं विशीच्या दशकात कागदावर मांडली होती.

पत्राकाम

तोफखानासाहेब, सगळं मान्य. पण मी 'पहिला' हा शब्द कुठेही लिहिलेला नाही, वर जाऊन बघा. पहिला कोण, या भांडणात मला रस नाही. ओबेर्टनं कागदावर मांडली, गॉडर्डनं एकट्यानं वाळवंटात करून बघितली, रशियनांनी त्यांच्या वाटेनं केली. बोसार्टनं तिन्ही गोष्टी एकाच अंगावर चढवल्या, आणि त्या एकमेकींना धरून आहेत हे ओळखलं. माझ्या धंद्यात सुटे भाग सगळ्यांकडे असतात. जुळवणारा एखादाच असतो.

आणि त्या काळी त्याच्या बाजूनं होतं कोण? डिसेंबर १९४५ मध्ये युद्धकाळात अमेरिकेचं विज्ञान-संशोधन सांभाळलेल्या व्हॅनेव्हर बुशसारख्या माणसानं सिनेटच्या समितीपुढे सांगून टाकलं होतं की तीन हजार मैलांवर नेम धरून पडणारं रॉकेट फार काळ तरी होणार नाही. युद्ध संपलेलं, पैशाला कात्री लागलेली. जुलै १९४७ मध्ये हवाई दलानं काम बंद करायला सांगितलं आणि पैसा पंखवाल्या क्षेपणास्त्रांकडे वळवला, स्नार्क आणि नावाहो. बोसार्टच्या मंडळींनी खात्यात उरलेल्या पैशात तीन रॉकेटं उडवू द्या म्हणून परवानगी काढली. १९४८ ची ती तीन उड्डाणं म्हणजे तेराव्यानंतर घातलेलं जेवण आहे. गोफणगुंडा, हे लक्षात घेऊन निकाल वाच. ऑक्सिजनची झडप सुधारून चौथं उडवायला पैसेच नव्हते.

नंतर जानेवारी १९५१ पर्यंत सरकारी काम नाही. कंपनीनं स्वतःच्या खिशातून चार माणसं धरून ठेवली. हे मला सगळ्यात मोठं वाटतं. ऑर्डर नसताना चांगला वेल्डर पदरी ठेवणं काय असतं ते मला विचारा.

नावाहो १९५७ च्या जुलैत बंद पडलं, पण त्यासाठी घडवलेल्या इंजिनांच्या वंशातूनच ॲटलासची इंजिनं आली. म्हणजे बोसार्टचा पैसा पळवणाऱ्या सवतीनंच शेवटी त्याच्या पोराला पाय दिले.

गोफणगुंडा

काका, मार खाल्ला, पण एक गोळी अजून शिल्लक आहे. आपल्या अग्नी क्षेपणास्त्राचं बघा. २२ मे १९८९, चंडीपूर. तेही 'टेक्नॉलॉजी डेमॉन्स्ट्रेटर'च होतं, सैन्याला द्यायचं अस्त्र नव्हे. पण आपल्याकडे खालचा टप्पा एसएलव्ही-३ या उपग्रह सोडणाऱ्या रॉकेटाचा, घन इंधनाचा, १९८० मध्ये उपग्रह सोडून हात बसलेला. वरचा टप्पा पृथ्वी क्षेपणास्त्राचा, द्रव इंधनाचा. परीक्षा घ्यायची होती ती मुख्यतः वातावरणात परत शिरताना पुढचा भाग उष्णतेत टिकतो का, याची. नवं तेवढंच नवं, बाकी ओळखीचं. बोसार्टनं टाकी, इंजिन, नाक सगळं एकदम नवं घेतलं आणि झडपेनं मारलं. शहाणपण कोणाचं?

पत्राकाम

आता बोललास कामाचं. हा प्रश्न चांगला आहे.

पण बोसार्टकडे ओळखीचं होतं काय? फक्त व्ही-२, आणि त्याच्यातलंच वजन काढायचं होतं. आपल्याकडे १९८९ ला घन इंधनाचा टप्पा तयार मिळाला, त्याच्यामागे केरळातल्या थुंब्याच्या रॉकेट केंद्रात कितीतरी वर्षं इंधन ओतून, जाळून, फोडून शिकलेली माणसं होती. आपल्या पुण्याचे वसंत गोवारीकर त्यांतलेच. एसएलव्ही-३ नं रोहिणी उपग्रह वर नेला, १८ जुलै १९८०, तेव्हा विक्रम साराभाई केंद्राचे संचालक तेच होते. ज्याच्या घरात पीठ दळलेलं आहे त्यानं भाकरी लवकर केली, याचं कौतुक करावं, पण जात्यावर बसलेल्याला हसू नये.

आणि अग्नीचंही दुसरं उड्डाण, २९ मे १९९२ चं, फसलंच होतं की. तिसरं १९ फेब्रुवारी १९९४ ला नीट गेलं. पुढे १९९९ ला अग्नी-२ आलं तेव्हा तो द्रव इंधनाचा वरचा टप्पाही काढून टाकला, दोन्ही घन. डेमॉन्स्ट्रेटर असाच वापरतात.

कोयनाकाठ

मंडळी, मी खालचं उदाहरण बनवलंय. काका, नजर टाका.

"३.०५ मीटर व्यासाच्या, ०.५ मिमी जाडीच्या उभ्या टाकीत बाहेरच्यापेक्षा १ बार जास्त दाब आहे. (अ) परिघीय व अक्षीय ताण काढा. (ब) टाकीच्या डोक्यावर किती वजन ठेवलं असता अक्षीय ताण शून्य होईल? (क) त्यानंतर आणखी वजन ठेवल्यास काय होईल ते एका वाक्यात लिहा."

(ब) चं उत्तर माझ्या हिशेबानं ७४ टनांच्या आसपास येतंय. बरोबर ना? अर्ध्या मिलीच्या पत्र्यावर ७४ टन, मलाच लिहिताना धाकधूक होतेय.

पत्राकाम

बरोबर आहे, ७४. धाकधूक नको, तीच तर गंमत आहे.

फक्त एक (ड) जोडा, नाहीतर हुशार पोरगं तुम्हाला पकडेल. पत्रा कुठे पाव मिली, कुठे एक मिली, असं का? कारण आत नुसता गॅस नाही, द्रव ऑक्सिजनही आहे. पाण्यापेक्षा जड, घनमीटरला ११४० किलो. दहा मीटरचा स्तंभ धरा, तळाशी त्याचाच दाब १.१ बार. रॉकेट तीन जी नं (गुरुत्वाच्या तिपटीनं) निघालं की तो होतो ३.३ आणि वरच्या गॅसचा दाब त्यात मिळवायचा. वरच्या रिंगेला हे काहीच नाही, खालच्या रिंगेला सगळं. म्हणून खाली जाड, वर पातळ. इंधन जळत गेलं की स्तंभही उतरतो, तेव्हा शेवटच्या सेकंदाला किती दाब, हेही विचारता येईल. पण ते परीक्षेला घालू नका, गृहपाठाला द्या.

आणि (क) ला 'टाकी फुटेल' असं लिहिणाऱ्याला शून्य द्या. घडी पडेल.